नाव नसलेली गोळी

(परळी वैजनाथ येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या नगरीचे आराध्यदैवतच वैद्यांचा नाथ, तेथे औषधांच्या दुष्परिणामांवर व्याख्यान व्हावे हे कोणाला काहीसे विसंगत वाटेल. समुद्रमंथनातून निघालेला धन्वंतरी आणि अमृत हे दोन्ही येथील लिंगात लपविले गेले अशी परळीची आख्यायिका आहे. परंतु त्याच मंथनातून आधी हलाहलही निघाले होते. फरक एवढाच की, तेथे हलाहल कोणते व अमृत कोणते हे देवदानवांना ठाऊक होते. आजच्या रोग्याला ते सांगितले जात नाही.

औषधाने रोग बरा होतो हे खरे, तसेच औषधाने क्वचित नवा रोग होतो हेही खरे. त्या अनेक दुष्परिणामांपैकी एकच येथे विचारासाठी घेतला आहे: औषधामुळे रक्तातील प्लेटलेटची संख्या घसरणे. ग्रंथांतून त्यांना बिंबाणू म्हणतात. गावोगावी लोक 'पेशी कमी झाल्या' असे म्हणतात, आणि बरेच जण 'पांढऱ्या पेशी' असेही म्हणून जातात. पांढऱ्या पेशी निराळ्या. त्या जंतूंशी लढतात. प्लेटलेट रक्त थांबवितात. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड लाख ते साडेचार लाख असतात. एका प्लेटलेटचे आयुष्य आठ ते दहा दिवसांचे असते, आणि हाडांतील मगज त्यांची निर्मिती अखंड करीत असतो. संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली की जखमेतून रक्त अधिक वाहू लागते. दहा-वीस हजारांच्या खाली गेली की जखम नसतानाही रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो मेंदूत झाला तर जीव जातो.

औषध ही संख्या दोन मार्गांनी खाली आणते. पहिला मार्ग सरळ आहे. काही औषधे मगजावरच आघात करतात आणि निर्मिती मंदावते किंवा थांबते. कर्करोगावरील बहुतेक औषधे या वर्गातील आहेत. संधिवातावर आठवड्यातून एकदाच घ्यावयाची मेथोट्रेक्सेटची गोळी चुकून रोज घेतली गेली तर हेच घडते. दुसरा मार्ग विलक्षण आहे. येथे औषध स्वतः प्लेटलेटला मारीत नाही. ते प्लेटलेटच्या पृष्ठभागाशी असे संलग्न होते की शरीराला आपलीच पेशी परकी वाटू लागते. शरीर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि औषध रक्तात असेपर्यंत त्यांचा संहार चालू राहतो. नवे औषध सुरू केल्यानंतर सामान्यतः पाच ते दहा दिवसांनी हे घडते. तेच औषध पूर्वी घेऊन शरीर सावध झालेले असेल तर दुसऱ्या वेळी काही तासांतच घडते. औषध बंद केले की बहुधा आठवड्याभरात संख्या पूर्ववत होते. या शेवटच्या वाक्याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. बहुतेक वेळा उपचार म्हणून मुख्यतः एवढेच लागते की, दोषी औषध ओळखावे आणि थांबवावे.

हे ज्ञान नवे नाही. क्विनाइनमुळे अंगावर रक्ताचे डाग उठतात हे १८६५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. १९४९ साली लंडनमध्ये ॲक्रॉइड यांनी सेडॉर्मिड या झोपेच्या औषधावर प्रयोग करून दाखविले की, रोग्याच्या रक्तात औषध मिसळल्याशिवाय प्लेटलेट नष्ट होत नाहीत. त्यानंतर ही यादी वाढतच गेली: सल्फा औषधे, क्षयावरील रिफॅम्पिसिन, रक्त पातळ करणारे हेपॅरिन, अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट, चिवट क्षयासाठी दिले जाणारे लिनेझोलिड. यांपैकी एकही औषध टाकाऊ नाही. हेपॅरिनशिवाय हृदयशस्त्रक्रियेची कल्पना करवत नाही. दुष्परिणाम आहे म्हणून औषधच नको, असे म्हणणाऱ्यांची तक्रार औषधाशी आहे. या व्याख्यानाची तक्रार औषधांच्या बाजाराशी आहे.

आता बीड जिल्ह्याकडे वळू या. धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातून किंवा परळी तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास निघणारा एक कोयता, म्हणजे एक नवरा-बायकोची जोडी, दृष्टान्तादाखल घ्यावी. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत थांबता येत नाही, आणि एक दिवस काम चुकले की खाड्याचे पैसे कापले जातात. पहाटेच्या थंडीत मोळ्या डोक्यावर वाहून बाईची कंबर धरते, ताप येतो. कारखान्याजवळच्या गावातील दवाखान्यात एक सुई मिळते आणि कागदाच्या पुडीत चार प्रकारच्या गोळ्या: एक पांढरी, एक पिवळी, एक लाल-काळी, एक अर्धी तोडलेली. ताप उतरतो, काम सुरू होते. आठ दिवसांनी टोळी दुसऱ्या फडावर, कदाचित दुसऱ्या तालुक्यात जाते. तेथे नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात. दाबले तरी फिके होत नाहीत. हिरड्यांतून रक्त येते. पाळी आली तर थांबत नाही. नवा डॉक्टर विचारतो, "कोणत्या गोळ्या घेतल्या होत्या?" बाई सांगते, "पांढरी होती, पिवळी होती."

या उत्तरावर जगातील कोणताही तज्ज्ञ निदान करू शकणार नाही. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेले तरी नाही. औषधाने प्लेटलेट घसरल्याचे निदान मुख्यतः एकाच पुराव्यावर उभे असते, आणि तो पुरावा म्हणजे कोणते औषध केव्हा सुरू झाले याची नोंद. प्रतिपिंडांच्या खास चाचण्या मोजक्या प्रयोगशाळांत होतात; त्यांचा निकाल येईपर्यंत रोगी वाट पाहू शकत नाही. म्हणजे ज्या ज्ञानावर जीव अवलंबून आहे ते ज्ञान म्हणजे गोळीचे नाव, आणि नेमके तेच श्रमिकाला नाकारले गेलेले असते. शहरातील मध्यमवर्गीयाच्या घरात औषधाची पट्टी असते, छापील पावती असते, डॉक्टरांची चिठ्ठी असते. त्याच्या शरीरात तोच अपघात झाला तर तो ओळखला जाण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. रक्तपेशी सर्वांच्या सारख्याच. वर्गभेद पुडीपासून सुरू होतो.

पुडीचे अर्थशास्त्रही पाहण्याजोगे आहे. सुट्या गोळ्या ठोकीने स्वस्त मिळतात, आणि नाव न सांगितल्याने रोगी त्याच डॉक्टरकडे परत येतो. तीच गोळी बाहेर कितीला मिळते हे त्याला कळत नाही. नाव लपविणे हा येथे व्यापाराचाच भाग आहे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या बाजारावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला त्याचा गाभा हाच होता की, या बाजारात विकणाऱ्याला सर्व ठाऊक असते आणि विकत घेणाऱ्याला जवळजवळ काहीच नाही. म्हणून येथे बाजाराचे नेहमीचे नियम लागू पडत नाहीत. ॲरो काही समाजवादी प्रचारक नव्हते; पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बाजाराच्या निष्ठावंत उपासकांनी निदान त्यांचे तरी ऐकावयास हरकत नव्हती.

भारतात हा विचार अधिकृतपणे मांडला गेला नव्हता असे नाही. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ साली ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली, बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांवरील नियंत्रणाचा प्रश्न ऐरणीवर आणला आणि ब्रँडनावे टप्प्याटप्प्याने काढून टाकून औषधे मूळ नावाने विकावीत अशी शिफारस केली. ती शिफारस कागदावरच राहिली. आज एकाच द्रव्याची डझनावारी नावे आहेत, आणि एका नावाच्या गोळीत दोन-तीन द्रव्ये कोंबलेली असतात. दुष्परिणामाच्या दृष्टीने ही मिश्रणे म्हणजे पुडीचेच सभ्य रूप होय. कारण रोग्याला एक गोळी घेतल्यासारखे वाटते, आणि प्लेटलेट घसरल्या तर तीन संशयित उभे राहतात. बेळगावचे प्राध्यापक चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीच्या अभ्यासावरून केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले, फेरतपासणी झाली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. इतकी मिश्रणे अयोग्य ठरावयाची होती, तर ती बाजारात आली तरी कोणाच्या सहीने, हा प्रश्न संसदेत विचारला जावयास हवा. महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटनेने आणि डॉ. अनंत फडके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तो १९८० नंतरच्या दशकापासून सातत्याने लावून धरला आहे.

येथे एक शंका घेतली जाईल. असा दुष्परिणाम हजारांतून, कधी लाखांतून एखाद्यालाच होतो. मग एवढा गाजावाजा कशाला? या शंकेचे उत्तर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या इतिहासात आहे. १९८६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत तेथे ग्लिसरीनमध्ये मिसळलेल्या डायएथिलिन ग्लायकॉल या विषाने चौदा रोगी दगावले. तो प्रकार भेसळीचा होता आणि त्यात मूत्रपिंडे निकामी झाली, म्हणून तो प्लेटलेटच्या विषयाहून वेगळा आहे. परंतु तो उघडकीस आला तो मृत्यू एका रुग्णालयात, थोड्या दिवसांत, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत घडले म्हणून. त्यावर न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग बसला आणि औषध प्रशासनाची लक्तरे जनतेला दिसली. तेच चौदा मृत्यू चौदा तालुक्यांत, चौदा महिन्यांत घडले असते तर? विरळ दुष्परिणाम असेच विखरून घडतात. एका डॉक्टरला आयुष्यात एखादाच असा रोगी दिसतो आणि तो त्याला अपवाद समजतो. विखुरलेले मृत्यू एकत्र मोजणारी यंत्रणा नसेल, तर 'विरळ' या शब्दाचा अर्थ 'न मोजलेला' एवढाच उरतो.

वेदनाशामकांचा इतिहास तर याहून बोलका आहे. सांधेदुखीवर फेनिलब्युटाझोन आणि ऑक्सिफेनब्युटाझोन ही औषधे सीबा-गायगी या स्विस कंपनीने तीन दशके जगभर विकली. त्यांच्यामुळे काही रोग्यांचा मगजच निकामी होतो. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सारेच आटते. ओले हान्सन या स्वीडिश डॉक्टरने कंपनीचा अंतर्गत अहवाल बाहेर काढला, तेव्हा कंपनीच्या स्वतःच्या दप्तरात या औषधांशी निगडित हजारांवर मृत्यूंची नोंद असल्याचे जगाला कळले. १९८५ साली कंपनीने ही औषधे बंद करीत असल्याचे जाहीर केले. म्हणजे मृत्यू मोजले जात होते. फक्त मोजणारा आणि विकणारा एकच होता.

क्विनाइनचेही तसेच. मलेरियात ते जीव वाचविते, तेथे धोका पत्करणे योग्यच. पण अमेरिकेत ते रात्री पायात येणाऱ्या गोळ्यांवर सर्रास घेतले जाई. मामुली तक्रारीसाठी प्राणघातक रक्तस्रावाचा धोका नको, म्हणून २००६ साली तेथील औषध प्रशासनाने मान्यता नसलेल्या क्विनाइनची विक्री थांबविण्याचा आदेश दिला.

क्षयाच्या उपचाराची कथा या जिल्ह्यातील अनेक घरांना जवळची वाटेल. रिफॅम्पिसिन रोज घेतले तर प्लेटलेट घसरण्याचा धोका अत्यल्प असतो. मधे दिवस सोडून घेतले तर तो वाढतो, हे १९७० च्या सुमारासच लक्षात आले होते. तरीही राष्ट्रीय कार्यक्रमात आठवड्यातून तीन वेळा गोळ्या देण्याची पद्धत १९९७ पासून दोन दशके चालली. तीन वेळा समोर बसवून गोळ्या देणे हे रोज देण्यापेक्षा कमी मनुष्यबळात होते, हे त्यामागील एक मोठे कारण होते. २०१७ साली रोजची मात्रा देशभर सुरू झाली. त्याला मुख्यतः रोग उलटणे आणि औषधाला न जुमानणारे जंतू ही कारणे होती. एक गोष्ट मात्र येथे ठासून सांगावयास हवी. या माहितीने घाबरून क्षयाच्या कोणाही रोग्याने स्वतःच्या मनाने गोळ्या सोडू नयेत. गोळ्या मधेच सोडणे आणि पुन्हा सुरू करणे हाच या दुष्परिणामाचा सर्वांत मोठा धोका आहे. अंगावर लाल ठिपके दिसले किंवा हिरड्यांतून रक्त आले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे, हा मार्ग आहे. रिफॅम्पिसिनने प्लेटलेट घसरल्या असे ठरले की मात्र ते औषध त्या रोग्याला पुन्हा आयुष्यात द्यावयाचे नसते. आणि हे पुढच्या डॉक्टरला कळावे कसे? पुन्हा नोंद, पुन्हा नाव.

पावसाळ्याच्या अखेरीस डेंग्यूची साथ आली की प्लेटलेटचा शब्द घरोघरी पोचतो. तेथे संख्या विषाणूमुळे घसरते. परंतु अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली गेली तर संकटावर संकट येते. ॲस्पिरिन संख्या कमी करीत नाही, उरलेल्या प्लेटलेटना निकामी करते, आणि त्या पेशी त्यांच्या आयुष्यभर, म्हणजे आठ-दहा दिवस, निकामीच राहतात. अहवालातील आकड्यात हे दिसत नाही. तापाला पॅरासिटामॉल द्यावे हा नियम त्यासाठीच आहे. उलट, रक्तस्राव नसलेल्या रोग्याला आकडा दहा हजारांच्या वर असताना प्लेटलेटच्या पिशव्या चढविण्याची सामान्यतः गरज नसते. तरी त्या चढविल्या जातात. भयाचाही एक बाजार असतो. पपईच्या पानांच्या गोळ्या त्याच बाजारात मिळतात.

या जिल्ह्याचा आणखी एक आकडा येथे आठवावा लागतो. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढली गेली, अशी माहिती जून २०१९ मध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी दिली होती. यांत ऊसतोड करणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, आणि अतिरिक्त रक्तस्राव ही त्यांची एक नित्याची तक्रार होती. न थांबणारी पाळी हे प्लेटलेट घसरल्याचे किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधाचे कधीकधी पहिले आणि एकमेव बाह्य लक्षण असते. म्हणून अशा स्त्रीला प्रथम विचारावयाचे ते हे की, गेल्या महिन्यात कोणती औषधे घेतली. आणि प्रथम करावयाची ती रक्तपेशींची साधी मोजणी. प्रत्येक सरकारी रुग्णालयात ती करता येते. शस्त्रक्रियेसाठी सावकाराकडून किंवा मुकादमाकडून हजारो रुपयांची उचल काढावी लागते. चौकशी, मोजणी, औषधोपचार आणि मग शस्त्रक्रिया असा वैद्यकाचा क्रम आहे. तो जेथे उलटा झाला तेथे नफ्याने त्याला उलटविले, हे मान्य केल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचे बंधन आले हे चांगले झाले. पण परवानगीच्या अर्जावर प्लेटलेटचा आकडा आणि घेतलेल्या औषधांची नावे यांसाठी रकाना असावा, ही मागणी अजून कोणी केलेली ऐकिवात नाही.

औषधाच्या किमतीत कच्चा माल, मजुरी, जाहिरात, दुकानदाराचा नफा हे सर्व मोजलेले असते. त्या औषधाने जो लाखातला एक माणूस दगावतो किंवा अपंग होतो, त्याचे मोल मात्र त्यात नसते. ते त्याच्या घरावर पडते. जपानमध्ये क्लिओक्विनॉल या अतिसारावरील औषधाने सुमारे अकरा हजार लोकांचे मज्जातंतू बिघडले. तेथील सरकारने १९७० साली त्याची विक्री थांबविली आणि पीडितांच्या दीर्घ लढ्यानंतर १९८० साली एक निधी उभारला. औषध योग्य रीतीने घेऊनही गंभीर अपाय झाला, तर कोणाचा दोष सिद्ध करावा न लागता त्यातून साहाय्य मिळते, आणि निधीत वर्गणी भरतात त्या औषध कंपन्या. भारतात औषधाच्या प्रयोगात इजा झाली तर भरपाईचा नियम २०१३ पासून आहे. बाजारातील औषधाने इजा झाली तर रोग्याने ग्राहक न्यायालयात जाऊन पुराव्यासह भांडावे अशी अपेक्षा असते. पुडीतील पिवळ्या गोळीचा पुरावा तो कोठून आणणार? जपानसारखा निधी येथे हवा, आणि तो उलाढालीवरील उपकरातून हवा, ही मागणी समाजवादी पक्षांच्या जाहीरनाम्यात कधीच यावयास हवी होती.

दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याचे केंद्र गाझियाबादला आहे. डॉक्टरच नव्हे, रोगी स्वतःही १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावर दुष्परिणाम कळवू शकतो. हा क्रमांक परळीच्या प्रत्येक औषध दुकानाच्या दर्शनी भागावर लागावा, येथील उपजिल्हा रुग्णालयाच्या भिंतीवर लागावा. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय येथून तासाभराच्या आत आहे. ग्रामीण भागासाठी म्हणून जे महाविद्यालय सत्तरच्या दशकात उभे राहिले, त्याने ऊसतोड हंगामातील औषधांच्या दुष्परिणामांची नोंद स्वतंत्रपणे ठेवणे हे त्याच्या नावाला साजेसेच होईल.

संघटनांना आजच हाती घेता येईल असे काम त्याहून साधे आहे. हंगामाला निघणाऱ्या प्रत्येक कोयत्याजवळ एक जाड पुठ्ठ्याचे कार्ड असावे, आणि वाटेतील प्रत्येक दवाखान्यात गोळ्या घेताना त्यावर तारीख व औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. डॉक्टर लिहावयास नकार देतील तेथे टोळीने मिळून आग्रह धरावा. एकट्या बाईचे कोणी ऐकत नाही, वीस कोयत्यांचे ऐकावे लागते. मुकादम उचलीचा हिशेब पै-पैसह वहीत ठेवतो, खाडेही तारखेसह लिहितो. त्याच वहीच्या मागच्या पानावर गोळ्यांची नावे लिहावयास जागा असते, आणि पुढचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो.